शेवटच्या रात्री फोन कुणाला करायचा

कॅन्सर यकृतात पसरलेला असतो, किंवा मूत्रपिंडे थकलेली असतात, किंवा हृदय जेमतेम चालत असते. डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेतात आणि सांगतात, "आता घरी घेऊन जा, सेवा करा." हे वाक्य ऐकलेली घरे वरणगावात आहेत, भुसावळात आहेत, यावल-रावेरकडच्या प्रत्येक गावात आहेत. माणूस घरी येतो. पुढच्या खोलीत खाट पडते, लेकी माहेरी येतात, शेजारीपाजारी भेटून जातात. आणि मग एखाद्या रात्री श्वास अडखळू लागतो, घरातले घाबरतात आणि कुणीतरी १०८ लावते.

त्यानंतर जे होते ते त्या माणसाला हवे होते का, हे बहुतेक घरांत कुणी विचारलेले नसते. रुग्णवाहिकेतून आलेल्या डॉक्टरांचे काम जीव वाचवण्याचे आहे. समोरच्या माणसाचा इतिहास त्यांना ठाऊक नसतो, वाचायला वेळ नसतो. ते छाती दाबायला सुरुवात करतात, माणसाला गाडीत घेतात, भुसावळ किंवा जळगाव गाठतात. तिथे घशात नळी जाते, व्हेंटिलेटर लागतो. घरी, आपल्या माणसांत डोळे मिटायचे म्हणून आणलेला माणूस अतिदक्षता विभागाच्या काचेपलीकडे जातो आणि घरच्यांना दिवसातून ठरावीक वेळीच भेटता येते.

म्हणून हा लेख. ज्यांच्या घरात असे आजारपण सुरू आहे त्यांच्यासाठी आहेच, पण जे आज धडधाकट आहेत आणि आपले शेवटचे दिवस कसे जावेत याबद्दल ज्यांचे काही म्हणणे आहे, त्यांच्यासाठीही आहे.

आधी सीपीआर म्हणजे काय ते समजून घ्या, कारण सिनेमात दिसतो तो प्रकार वेगळा आणि खरा वेगळा. मोठ्या माणसाची छाती सुमारे ५ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबावी लागते. म्हाताऱ्या, कृश शरीराच्या बरगड्या त्यात मोडतात. जोडीला विजेचे झटके, श्वासनलिकेत नळी, शिरेतून इंजेक्शने. ज्याचे हृदय अचानक बंद पडले आहे, ज्याचे बाकीचे शरीर चांगले आहे, त्याच्यासाठी हे सगळे करायलाच हवे. चालताबोलता माणूस कोसळला तर एक क्षणही न दवडता छाती दाबा आणि १०८ ला फोन करा. पण लांबलेल्या आजारात शरीर हळूहळू विझत जाते आणि हृदय सर्वांत शेवटी थांबते. तिथे हृदय थांबणे हा मूळ आजार नसतो. ते दाबून पुन्हा चालू झाले तरी कॅन्सर तिथेच असतो, मूत्रपिंडे तशीच असतात. काही तास किंवा काही दिवस वाढतात, आणि ते दिवस यंत्रांच्या गराड्यात जातात.

अमेरिकेत, इंग्लंडमध्ये अशा रुग्णांसाठी घरी ठेवायचा कागद असतो. अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्यात १९९० च्या दशकात एक गुलाबी फॉर्म सुरू झाला. डॉक्टरांची सही असलेला तो फॉर्म घरात सहज दिसेल असा लावून ठेवतात आणि रुग्णवाहिकेची माणसे तो वाचून त्याप्रमाणे वागतात. पुढे ती पद्धत इतर राज्यांत पसरली. आपल्याकडे घरी शेवटचे दिवस काढणाऱ्या माणसासाठी रुग्णवाहिकेला बांधून ठेवणारा असा एकच सरकारी फॉर्म नाही. हे स्पष्ट सांगतो, कारण "इच्छा लिहून नोटरी केली, आता कुणी हात लावणार नाही" असा समज करून घेतलेली माणसे भेटतात. आपल्या कायद्याने जो कागद दिला आहे तो मोलाचा आहे, तो केलाच पाहिजे. पण त्याची सगळी रचना रुग्णालय डोळ्यांपुढे ठेवून झालेली आहे. घरातल्या खाटेवर तुमची इच्छा पाळणारे तुमच्या घरचेच असतात. त्यांना ती माहीत नसेल, किंवा माहीत असूनही ऐनवेळी काय करायचे हे ठरलेले नसेल, तर कपाटातला कागद कपाटातच राहतो.

हा कायदा आपल्याकडे कसा आला, त्याची सुरुवात मुंबईतच आहे. केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्याच एका सफाई कामगाराने हल्ला केला. गळा आवळल्याने मेंदूचा प्राणवायू तुटला आणि त्या पुन्हा कधी भानावर आल्या नाहीत. केईएमच्या परिचारिकांनी पिढी बदलली तरी त्यांना आपल्या माणसासारखे सांभाळले. १८ मे २०१५ रोजी, जवळपास ४२ वर्षांनी, त्यांचे निधन झाले. त्याआधी लेखिका पिंकी विराणी यांनी त्यांच्यासाठी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला होता. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने तो अर्ज फेटाळला, सांभाळणाऱ्या परिचारिकांचे म्हणणे मानले. पण त्याच निकालात काही परिस्थितीत, उच्च न्यायालयाच्या परवानगीने, कृत्रिम आधार काढून घेता येईल हे तत्त्व मान्य झाले. पुढे 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितले की, सन्मानाने मरण हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि माणूस शुद्धीवर असताना आपल्या अखेरच्या उपचारांबद्दल आधीच लिहून ठेवू शकतो. लोक त्याला लिव्हिंग विल म्हणतात. आपण वैद्यकीय इच्छापत्र म्हणू.

२०१८ च्या निकालाने हक्क दिला, पण वाट अवघड ठेवली होती. इच्छापत्रावर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागायची. किती म्हातारी माणसे त्यासाठी कोर्टाची पायरी चढणार होती? २४ जानेवारी २०२३ रोजी घटनापीठाने ती अट काढली. आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन पुरते. वरणगावच्या माणसाला हे आता एका सकाळीत होण्यासारखे आहे. भुसावळला न्यायालयाच्या परिसरात नोटरी मिळतात, आणि राजपत्रित अधिकारी तर तुमच्या ओळखीतही असतील.

इच्छापत्र करणारा अठरा वर्षांपुढचा, भानावर असलेला हवा आणि ते त्याने आपल्या मर्जीने केलेले हवे. दोन साक्षीदार लागतात. ते शक्यतो घराबाहेरचे, तुमच्या मालमत्तेशी संबंध नसलेले घ्या. शेतीच्या वाटणीवरून आधीच तणाव असलेल्या घरात तर हे कटाक्षाने पाळा. तुम्ही बोलू शकणार नाही तेव्हा तुमच्या वतीने बोलणाऱ्यांची नावे त्यात असायला हवीत आणि २०२३ नंतर एकापेक्षा जास्त नावे देता येतात. इथे थोडा विचार करा. आपल्याकडे थोरल्या मुलाचे नाव आपोआप पुढे येते. पण या कामाला वय किंवा मान उपयोगाचा नाही. डोळ्यांतून पाणी वाहत असतानाही जो "नाही, आईने असं सांगितलं होतं" हे ठामपणे म्हणू शकेल, त्याचे नाव द्या. ती धाकटी मुलगी असेल, सून असेल, भाचा असेल.

ठरावीक छापील फॉर्मच हवा अशी सक्ती नाही. मजकूर मराठीत चालतो, आणि माझ्या मते मराठीतच लिहावा, कारण तो वाचणारे आधी घरचे असतात. मजकूर असा लिहिता येईल:

"मी, ……, वय ……, राहणार ……, पूर्ण भानावर असताना, कुणाच्याही दडपणाशिवाय आणि परिणाम समजून घेऊन हे लिहून ठेवत आहे. मला बरा न होणारा आजार झाला असेल, त्याचा शेवटचा टप्पा आला असेल आणि माझा निर्णय मी स्वतः सांगू शकत नसेन, तर माझे हृदय किंवा श्वास थांबल्यावर छाती दाबून, विजेचे झटके देऊन किंवा घशात नळी घालून ते पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. मला व्हेंटिलेटरवर ठेवू नये. आधीच ठेवले असेल आणि सुधारणेची आशा नसेल तर तो काढावा. नव्याने डायलिसिस सुरू करू नये. वेदना, धाप, उलट्या, तगमग यांवरचे उपचार मात्र शेवटपर्यंत करावेत, त्याने गुंगी आली तरी माझी हरकत नाही. शक्य होईल तोवर मला माझ्या घरी ठेवावे. मला बोलता येणार नाही तेव्हा माझ्या वतीने …… आणि …… यांनी निर्णय सांगावा. हे इच्छापत्र मला केव्हाही रद्द करता येईल किंवा बदलता येईल, याची मला जाणीव आहे."

आपल्या आजाराप्रमाणे यात फरक करा. डायलिसिसवर असलेल्या माणसाचे वाक्य वेगळे असेल, फुप्फुसांच्या जुन्या आजाराच्या माणसाचे वेगळे. तुमच्या डॉक्टरांना मसुदा दाखवा आणि विचारा, "माझ्या बाबतीत शेवटी काय काय होऊ शकते? त्यातले काय नाकारायचे आणि काय ठेवायचे?" सरसकट "मला कोणतेही उपचार नकोत" असे मात्र लिहू नका. लघवी तुंबली तर नळी घालणे, दुखण्यावर इंजेक्शन, जखमेची स्वच्छता हे सगळे उपचारच आहेत आणि ते तुम्हाला हवे असतात.

सह्या झाल्या की प्रती काढा. एक तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे, एकेक ज्यांची नावे दिली त्यांच्याकडे, एक घरच्या फाइलमध्ये. आणि एक स्थानिक स्वराज्य संस्थेकडे. इच्छापत्र जपून ठेवणारा सक्षम अधिकारी महापालिका, नगरपालिका, पंचायत यांनी नेमायचा, असे न्यायालयाने सांगितले आहे. अनेक वर्षे ते कागदावरच राहिले. मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी स्वतःचे इच्छापत्र केले, ते ठेवून घ्यायला अधिकारीच नाही म्हणून मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, आणि त्यानंतर महाराष्ट्रात असे अभिरक्षक नेमण्याचे काम हलले. गोव्यात मे २०२४ च्या अखेरीस उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी स्वतःचे इच्छापत्र नोंदवून सुरुवात करून दिली. न्यायाधीशाने आधी आपले नाव लिहावे यात मला मोठेपणा वाटतो. लोकांच्या मनातली भीती अशानेच कमी होते.

वरणगावात राहत असाल तर नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांच्या नावे साधा अर्ज करा, इच्छापत्राची साक्षांकित प्रत जोडा, २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाचा उल्लेख करा आणि आवक-जावक टेबलावर पोच घ्या. तळवेल, फुलगावसारख्या गावातले असाल तर हेच ग्रामपंचायतीत. टेबलावरच्या कर्मचाऱ्याने असा अर्ज पूर्वी पाहिला नसेल, तो गोंधळेल. चिडू नका, पोच मात्र सोडू नका. आधी एका माणसाने अर्ज दिला की पुढच्या दहा जणांचे काम सोपे होते.

आता घराकडे वळू. खरी तयारी इथे आहे.

इच्छापत्राइतकाच, कदाचित त्याहून जास्त उपयोगाचा दुसरा कागद म्हणजे तुमच्या उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे पत्र. डिस्चार्ज कार्डावर "प्रकृती गंभीर, नातेवाईक स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहेत" एवढेच लिहून माणूस घरी पाठवला जातो. ते कार्ड घेऊन निघताना थांबा आणि डॉक्टरांना लेटरहेडवर चार ओळी मागा: आजार कोणता, तो कोणत्या टप्प्यात आहे, बरा होण्याजोगा नाही, रुग्णाने आणि कुटुंबाने सीपीआर व व्हेंटिलेटर नको असे समजून-उमजून ठरवले आहे, यापुढे वेदनाशमनाचे उपचार घरी चालू राहतील. तारीख, सही, नोंदणी क्रमांक, शिक्का. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, २०२० मध्ये सीपीआर न करण्याच्या निर्णयाबद्दल डॉक्टरांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या आहेत. त्यात रुग्णाशी किंवा कुटुंबाशी बोलून असा निर्णय घ्यावा आणि लेखी नोंदवावा असे आहे, आणि असा निर्णय फक्त सीपीआरपुरता असतो, बाकीची काळजी त्याने थांबत नाही हेही आहे. डॉक्टर कचरले तर या सूचनांचा आदराने उल्लेख करा. रात्री कुणी घाबरून १०८ बोलावलीच, तर आलेल्या डॉक्टरांच्या हातात द्यायला हेच पत्र असते. ते त्यांना बांधील नसले तरी समोर काय आहे हे त्यांना एका मिनिटात कळते.

दुसरी गोष्ट, घरातली बैठक. खान्देशातल्या घरांत आजारी माणसाला आजाराचे नावही सांगायचे नाही, ही माया आहे हे मला समजते. पण त्या मायेमुळे ज्याचे मरण त्याचेच म्हणणे कुणाला कळत नाही. घरातले आबा शुद्धीत आहेत तोवर त्यांच्याशी बोला. थेट विचारणे जड जात असेल तर असे विचारा: "आबा, पुन्हा दवाखान्यात जावं लागलं तर जायचं का, की आता घरीच राहायचं?" बहुतेक म्हातारी माणसे याचे उत्तर ताबडतोब देतात. ती वाटच पाहत असतात. आणि लक्षात ठेवा, भानावर असलेला माणूस स्वतः "नको" म्हणत असेल तर त्याचे ते बोलणे कोणत्याही कागदाच्या वर आहे. कोणत्याही सज्ञान, भानावर असलेल्या माणसाला उपचार नाकारण्याचा हक्क आहे.

या बैठकीत पुण्याचा मुलगा आणि सुरतची मुलगी फोनवर का होईना, हवीतच. रोज सेवा करणाऱ्यांनी परिस्थिती स्वीकारलेली असते. लांब असणाऱ्याने ती पाहिलेली नसते, शिवाय आपण जवळ नाही याची बोच असते, आणि तोच शेवटच्या रात्री "हलवा त्यांना, पैसे मी पाठवतो" म्हणतो. त्याला दोष देऊ नका. त्याला आधी बोलवा, डॉक्टरांशी बोलायला लावा, आबांच्या तोंडून ऐकू द्या. "लोक काय म्हणतील" या प्रश्नाचेही उत्तर याच बैठकीत द्या. विनोबांनी १९८२ साली पवनारला औषध, अन्न, पाणी थांबवून देह ठेवला. महाराष्ट्राने त्यांना पळपुटे म्हटले नाही. त्यांनी केले त्यापेक्षा आपण जे करतो आहोत ते फार कमी आहे. आपण अन्नपाणी तोडत नाही, औषध तोडत नाही, फक्त निरुपयोगी झालेली यंत्रे नको म्हणतो आहोत. एक सीमा मात्र पाळा: मरण लवकर यावे म्हणून इंजेक्शन देणे, जास्त गोळ्या चारणे हा आपल्याकडे गुन्हा आहे आणि इच्छापत्रात तशी मागणी लिहिली तरी तिला काही अर्थ नाही.

घाबरून फोन का केला जातो? बहुतेक घरांत मरणाच्या भीतीने नाही, तर समोरचा तडफडतो आहे आणि आपल्या हातात काही नाही, या असह्यतेने. म्हणून त्रास कमी करण्याची सामग्री घरात आधीच असली पाहिजे. कॅन्सरच्या वेदनेवर तोंडाने घ्यायचे मॉर्फिन हे जगभर मान्य झालेले औषध आहे. धाप लागण्यावरही त्याचा छोटा डोस उपयोगी पडतो. योग्य डोसात दिलेल्या मॉर्फिनने माणूस मरत नाही. २०१४ मध्ये अमली पदार्थविषयक कायद्यात दुरुस्ती झाली, त्यामुळे मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ते ठेवणे आणि देणे सोपे झाले आहे. तरीही ते प्रत्येक मेडिकलवर मिळत नाही. म्हणून रुग्णालयातून निघतानाच विचारा, ते कुठून, किती दिवसांचे मिळेल. जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे त्रास कमी करणाऱ्या सेवेची, चौकशी करा. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयात उपचार चालू असतील तर तिथल्या पॅलिएटिव्ह विभागातून घरच्या काळजीची लेखी योजना मागून आणा. पुण्यात वारजे इथे सिप्लाचे केंद्र १९९७ पासून कॅन्सरच्या रुग्णांना पैसे न घेता अशी सेवा देते आणि तिथे काही दिवस राहून घरच्यांना काळजी घ्यायला शिकताही येते.

शेवटच्या दिवसांत काय दिसते ते आधी माहीत असेल तर भीती निम्मी होते. माणूस खाणे सोडतो. आपल्याला वाटते उपाशी मरतो आहे, म्हणून चमच्याने भरवतो. तसे करू नका. शरीर बंद होत आले म्हणून भूक जाते, आणि भरवलेले श्वासनलिकेत जाऊन ठसका लागतो. ओठ आणि जीभ ओल्या कापसाने पुसत राहा. गंगाजल, तुळशीचे पान जरूर ठेवा, पण पाणी ओतू नका, ओठाला लावा. झोप वाढते, हाक मारली तरी ओ येत नाही. ऐकू मात्र येत असावे असे धरून बोलत राहा. श्वास लांबतो, मध्येच थांबतो, पुन्हा सुरू होतो. घशात घरघर लागते. ती ऐकणाऱ्याला जितकी भयंकर वाटते तितका त्रास त्या माणसाला बहुधा होत नसतो. त्याला कुशीवर वळवा, डोके थोडे उंच करा. धाप असेल तर पंखा चेहऱ्यावर लावा, खोलीतली गर्दी कमी करा. हातपाय गार पडतात, रंग निळसर होतो. दोन तासांनी कूस बदलत राहा, पाठीवर जखमा होऊ देऊ नका. तगमग फार वाढली तर डॉक्टरांनी आधीच लिहून दिलेले औषध द्या आणि त्यांना फोन करा.

त्यांना, म्हणजे आधी बोलून ठेवलेल्या गावातल्या डॉक्टरांना. वरणगावात वर्षानुवर्षे घराघरांत जाणारे डॉक्टर आहेत. त्यांच्याकडे माणूस घरी आणल्याच्या पहिल्या आठवड्यातच जा, फाइल दाखवा, घरी येऊन एकदा तपासून जायला सांगा, आणि विचारा, "रात्री वेळ आली तर तुम्ही याल का? नसाल तर कोण येईल?" हा नंबर मोठ्या अक्षरांत खाटेजवळच्या भिंतीवर लावा. त्याखाली इच्छापत्रात नावे दिलेल्या दोघांचे नंबर. रात्री जागणाऱ्या प्रत्येकाला, नातवालासुद्धा, सांगून ठेवा की पहिला फोन या नंबरवर करायचा.

डॉक्टरांनी आधी तपासलेले असण्याचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो बहुतेकांना उशिरा कळतो. घरी झालेल्या मृत्यूचे कारण उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी नमुना ४-अ मध्ये प्रमाणित करायचे असते. ज्या डॉक्टरांनी रुग्णाला कधी पाहिलेलेच नाही ते सही द्यायला कचरतात, आणि मग नको त्या वेळी धावपळ होते. माहीत असलेल्या आजाराने घरी नैसर्गिक मृत्यू झाला तर पोलिसांना कळवण्याची किंवा शवविच्छेदनाची गरज नसते. पडणे, विष, जळणे, संशय असे काही असेल तर गोष्ट वेगळी. श्वास थांबला की वेळ लिहून ठेवा, डॉक्टरांना बोलवा, प्रमाणपत्र हातात घ्या, मग पुढचे विधी. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत नगरपरिषदेत किंवा ग्रामपंचायतीत करा. मुदतीत नोंद केली तर दाखल्याची पहिली प्रत विनाशुल्क मिळते. स्मशानातली पावती जपून ठेवा. वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेल्यांच्या घरी कुटुंबनिवृत्तिवेतनासाठी हे कागद लगेच लागतात.

ज्यांची मुले अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये आहेत आणि जे तिकडे सहा-सहा महिने राहतात, त्यांनी भुसावळला नोटरी केलेल्या इच्छापत्रावर तिथे विसंबू नये. आजार गंभीर असेल तर तिथल्या डॉक्टरांकडून तिथला फॉर्म भरून घ्या. तिथे घरात येणारी रुग्णवाहिका तोच पाहते.

इच्छापत्र एकदा केले की संपले असे नाही. आजार बदलला, नाव दिलेला माणूस वारला किंवा दुरावला, मन बदलले, तर नवे करा आणि जुने रद्द केल्याचे त्यात लिहा. एकापेक्षा जास्त असतील तर शेवटचे सही केलेले धरतात. जुन्या प्रती परत घ्या, नगरपरिषदेतही नवी द्या.

आणि एवढे सगळे करूनही कुणीतरी १०८ लावली, माणूस जळगावच्या अतिदक्षता विभागात गेला, व्हेंटिलेटर लागला, तर? तरी वाट बंद झालेली नाही. नळी घालू न देणे आणि घातलेली काढणे, दोन्ही कायद्यापुढे सारखेच आहे. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना इच्छापत्राची प्रत द्या. त्यांना ते खरे असल्याची खात्री अभिरक्षकाकडच्या प्रतीवरून करता येते, नगरपरिषदेची पोच इथे कामी येते. मग रुग्णालय प्राथमिक वैद्यकीय मंडळ नेमते: उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षे अनुभवाचे दोन तज्ज्ञ. त्यांनी होकार दिला की दुसरे मंडळ बसते. त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला एक नोंदणीकृत डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले दोन तज्ज्ञ. दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यावे, असे न्यायालयाने म्हटले आहे. इच्छापत्रात नावे दिलेल्यांची संमती लागते. निर्णय अमलात आणण्याआधी रुग्णालयाने प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचे असते, परवानगी मागायची नसते. इच्छापत्र नसेल तरी हीच पद्धत जवळच्या नातेवाइकांच्या लेखी संमतीने चालते, म्हणून ते केले नव्हते या कारणावरून हात टेकू नका. रुग्णालयाला ही पद्धत माहीत नसेल तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मंडळाने नकार दिला तर नाव दिलेल्या व्यक्तींना, नातेवाइकांना किंवा डॉक्टरांनाही उच्च न्यायालयात जाता येते. जळगाव जिल्ह्यासाठी ते औरंगाबाद खंडपीठ.